बारगिराचा घोडा

नागपुरात इतिहास शिकवणाऱ्याला एक जुनं दुखणं असतं. पुस्तकात पेशवे येतात, शनिवारवाडा येतो, पानिपत येतं, आणि आमचे भोसले कुठल्यातरी परिच्छेदाच्या शेपटाला दोन ओळींत उरकले जातात. म्हणून सातवीला रघूजी भोसले आले की मी सूड उगवल्यासारखी शिकवायची. फळ्यावर डावीकडे नागपूर, तिथून उजवीकडे एक लांबलचक बाण. छत्तीसगड, पाचेटचं जंगल, बर्दवान, काटवा. हजारेक किलोमीटर. साल १७४२. आदल्याच वर्षी रघूजींनी त्रिचनापल्लीला चंदासाहेबाला पकडलेलं, आणि आता त्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालच्या नवाबाकडे चौथ मागायला निघालेत. बाण काढताना खडू दोनदा तुटायचा आणि पोरं खूश व्हायची. निम्मी पोट्टी महाल नाहीतर इतवारीतली. भोसल्यांचा वाडा त्यांच्या शाळेच्या वाटेवर. त्यांच्या दृष्टीनं हे सगळं गल्लीतलंच.

अशाच एका तासाला, बाण काटव्याला टेकला असताना, शेवटून दुसऱ्या बाकावरून हात वर झाला.

"मॅडम, हे म्हणजे बॉर्गी ना?"

मला शब्द कळला नाही. तिनं पुन्हा सांगितला. "आमची ठाकुमा सांगते ना, झोपली नाही तर बॉर्गी येतील म्हणून. ते घोड्यावर यायचे न् धान लुटून न्यायचे. ते आपलेच होते का?"

ठाकुमा म्हणजे वडिलांची आई. पोरगी बंगाली होती, हे मला हजेरीपटावरून माहीत होतं, पण तिच्या बोलण्यावरून कुणालाही कळलं नसतं. माझ्यापेक्षा अस्सल नागपुरी बोलायची. वर्ग हसला. मी मात्र गडबडले, आणि गडबडलेला शिक्षक जे करतो तेच केलं. आवाज वाढवला. "हे बघ, अशा गोष्टी इंग्रजांनी पसरवलेल्या आहेत. आपल्यात फूट पाडायला."

"हाव मॅडम," म्हणून ती खाली बसली. वर्गाचं समाधान झालं. घंटा झाली.

पंधरा दिवसांनी वह्या तपासताना तिची वही हातात आली. सुवाच्य अक्षर, समासाला लाल रेघ. त्या तासाच्या टिपणाखाली लिहिलं होतं: 'बॉर्गी : ही गोष्ट इंग्रजांनी पसरवली.' मी त्यावर बरोबरची खूण करून सही केली. तेव्हाही काही खटकलं नाही, हे आज लिहिताना जास्त खटकतं.

खटकलं ते दुर्गापूजेत. नागपुरात बंगाली माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, आणि तिच्या कचेऱ्या-कारखान्यांबरोबर बाबू मंडळी इकडे आली. त्या कंपनीच्या नावाकडे मी तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्याच्या शंभर-दीडशे वर्षं आधी ज्या दोन नावांमध्ये फक्त घोड्यांच्या टापा होत्या, ती दोन नावं रेल्वेच्या पाटीवर शेजारी शेजारी. या पोरीचे पणजोबा त्याच रेल्वेत कारकून म्हणून आलेले. धंतोलीच्या मांडवात अष्टमीच्या भोगाला तिनं मला बोलावलं, आणि पत्रावळीवरची खिचुरी संपायच्या आत ठाकुमांसमोर नेऊन बसवलं.

पांढरी साडी, तोंडात पान, कानानं जरा कमी. नातीनं त्यांना बंगालीत काहीतरी सांगितलं आणि त्या खुदकन हसल्या. मग मांडवातल्या त्या ढाक-ढोलांच्या गदारोळात त्यांनी मला अंगाईगीत म्हणून दाखवलं. 'खोका घुमालो, पाडा जुडालो, बॉर्गी एलो देशे...' बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बारगीर आले. बुलबुलांनी धान खाल्लं, आता खजिना, म्हणजे सारा, भरू कशानं? पुढे आणखी आहे. धान संपलं, पान संपलं, साऱ्याचं काय करू? थोडे दिवस धीर धरा, लसूण पेरलाय.

"तुमि बॉर्गी?" त्यांनी मला विचारलं. नातीनं कपाळाला हात लावला. माझं आडनाव तिनं घरी सांगितलेलं असणार.

मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. इंग्रजांना फूट पाडायची होती हे खरं मानलं, तरी ते बंगालच्या आयांना अंगाई शिकवायला कधी गेले होते?

मग शोधत गेले. माझ्या बी.एड.च्या पुस्तकांत नव्हतं, ग्रंथालयात मिळालं. गंगाराम नावाच्या एका बंगाली कवीनं १७५१ च्या सुमारास या स्वाऱ्यांवर एक काव्य लिहिलंय. प्लासीच्या लढाईच्या सहा वर्षं आधी. स्वाऱ्या चालू असताना कलकत्त्यातले इंग्रज स्वतःच इतके घाबरलेले होते की त्यांनी गावाभोवती मराठ्यांच्या भीतीनं खंदक खणायला घेतला होता. तीनेक मैल खणून झाला. मराठे काही तिथवर गेले नाहीत, आणि खणणाऱ्या गावाला मात्र खंदकवाले अशी टोपणहाक पडली. सांगायचं ते इतकंच, की जे मी वर्गात ठोकून दिलं होतं ते साफ खोटं होतं, आणि त्याच्याखाली माझी लाल सही होती.

या काव्याचं नाव 'महाराष्ट्र पुराण'. नाव वाचून माझा ऊर भरून आला आणि आतलं वाचून उतरला. सुरुवात पुराणासारखीच. पृथ्वीवर पाप वाढलं, म्हणून शिवानं नंदीला शाहूराजाकडे धाडलं आणि त्यातून ही फौज निघाली. म्हणजे गंगारामाच्या लेखी मराठे आधी देवानं पाठवलेली शिक्षा आहेत. मग माणसं पळतात. ब्राह्मण पोथ्यांचं ओझं घेऊन, सोनार तराजू-वजनं घेऊन. वाटेत कुणी विचारतं, तुम्ही बारगीर पाहिले का? उत्तर येतं, पाहिले नाहीत, पण सगळे पळतायत म्हणून आम्हीही पळतोय. मग खरंच येतात. 'रुपी देहो, रुपी देहो', पैसे द्या, पैसे द्या. बायकांवर अत्याचार होतात, नाकात पाणी ओतून पैसे कुठे पुरलेत ते विचारलं जातं. शेवटी देवीच भास्कररामावर कोपते.

देवी का कोपली असेल, त्यालाही एक कथा आहे. १७४२ च्या शरदात भास्कररामांनी काटव्याजवळ दाईंहाटला स्वतः दुर्गापूजा मांडली होती. आसपासच्या जमीनदारांकडून वर्गणी वसूल करून. नवमीच्या पहाटे बंगालचा नवाब अलीवर्दीखान याची फौज नदी ओलांडून आली आणि पूजा अर्धी टाकून आमच्या दिवाणसाहेबांना पळावं लागलं. मी धंतोलीच्या मांडवात खिचुरी खाऊन आले होते आदल्याच आठवड्यात. लोळत वाचत होते ती उठून बसले.

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की आता खरं शिकवायचं. आणि दुसरी चूक केली. पहिलीपेक्षा मोठी.

ती पोरगी तोवर आठवीत गेली होती. तिला मी आठवीच्या वर्गातून बोलावून आणलं, सातवीसमोर उभं केलं आणि अंगाई म्हणायला लावली. मला वाटत होतं, केवढा सुंदर प्रयोग! पुस्तकाबाहेरचा आवाज थेट वर्गात! ती म्हणाली खाली मान घालून, अर्धीच. मग मी गंगाराम वाचून दाखवला, नाकातलं पाणी वगैरे सगळं. वर्ग चिडीचूप. मी धन्य.

पुढचे दहा-बारा दिवस मधल्या सुट्टीत सातवीची पोरं तिला पाहिली की घोड्यासारखी खिंकाळायची. "बॉर्गी आले, बॉर्गी आले, पळ!" मला कळलं ते तिच्याच तोंडून. ती तक्रार करायला आली नव्हती. तिला एक शंका होती. "मॅडम, मी त इथल्या मेयो दवाखान्यात झाली. माझे बाबा पण नागपूरचेच. मग मी तिकडची काहून?"

मराठ्यांच्या दरबारात दुसऱ्या राज्याचा वकील असायचा. तो आपल्या धन्याची बाजू मांडायचा, आणि वेळ फिरली की सगळ्यांत आधी त्याचंच डोकं धोक्यात यायचं. एका तेरा वर्षांच्या मुलीला मी न विचारता बंगालची वकील करून टाकलं होतं. 'दुसऱ्याची संस्कृती समजून घ्या' असं आम्हाला प्रशिक्षणात सांगतात, तेव्हा त्या दुसऱ्याला वर्गापुढे उभं करू नका, एवढं कुणी सांगत नाही. आमच्या वर्गांत असे वकील फार असतात. रमजान आला की एकाला उभं करतो, सहा डिसेंबरला दुसऱ्याला. आपल्याला वाटतं आपण मान दिला. त्या लेकराला मधल्या सुट्टीत काय मिळतं ते आपण बघायला जात नाही, कारण आपण तेव्हा स्टाफरूममध्ये डबा खात असतो.

आणि दुसरी गोष्ट. सातवीच्या पोरांना मी काय दिलं होतं? आधी त्यांच्या हातात शूर पूर्वज होते, ते काढून घेतले आणि राक्षस पूर्वज दिले. त्यांच्यावर जे आलं ते त्यांनी खिंकाळून फेडलं. तेराव्या वर्षी दुसरं काय करणार?

तिसऱ्या वर्षी मी शब्दापासून सुरुवात केली. हे सुचायला शहाणपण लागलं नाही, हरल्यावर माणूस बाराखडीकडे परततो तसं झालं. फळ्यावर लिहिलं: बारगीर.

मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार. शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. आणि बारगीर, म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं असा. घोडा पडला तरी सरकारचा, जिंकला तरी सरकारचा. बंगालीत जो शब्द भुतासारखा राहिला तो सरदारांचा नाही, राजांचा नाही. ज्याच्याकडे बसायला स्वतःचा घोडासुद्धा नव्हता त्याचा आहे.

"म्हणजे कंपनीच्या गाडीवरचा ड्रायव्हर, मॅडम," एक पोरगा म्हणाला. त्याचे वडील तेच काम करायचे. "गाडी कंपनीची, डिझेल कंपनीचं, न् पावती फाटली त ड्रायव्हरच्या नावानं."

इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या ग्रंथात सापडली नव्हती. मग प्रश्न आपोआप पडत गेले. हा माणूस हजार किलोमीटरवर कशाला गेला? पगार कुठून यायचा? फौज पोसायचा पैसा मुलूखगिरीतून उभा करायचा, चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. ज्यांनी तो द्यायचा त्यांनी दिला तर लढाई नाही. नाही दिला तर फौजेचं पोट गावावर. कुणाच्या गावावर? जो नवाबाला आधीच सारा भरून बसलाय त्याच्या.

आता अंगाई. या वेळी मीच म्हटली, माझ्या भसाड्या आवाजात. कुणाचं नाव घेतलं नाही, 'बंगालमध्ये आया म्हणतात' एवढंच. आणि विचारलं, यातला 'खजिना' कुणाला द्यायचाय?

"बॉर्गीला," अर्धा वर्ग.

"नवाबाला," उरलेला.

भांडण छान पेटलं. दोघांचंही खरं होतं. मराठ्यांना तोंड द्यायला अलीवर्दीखानानं जमीनदारांवर 'चौथ मराठा' नावाचा जादा कर बसवला, जमीनदारांनी तो कुळांवर ढकलला. १७५१ साली तह झाला, तेव्हा वर्षाला १२ लाख रुपये चौथ ठरली आणि ओडिशा भोसल्यांकडे आला. म्हणजे बारगीर यायचे थांबले तरी त्यांच्या नावाची वसुली चालूच. बुलबुलांनी धान खाल्लेल्या त्या बाईला घोड्यावर कोण बसलंय यानं काय फरक पडत होता, असं मी म्हणणार होते, पण थांबले. तिला फरक पडतच होता. नवाबाचा अंमलदार घर जाळत नव्हता, निदान रोज तरी.

"मॅडम, हे त आपलंच झालं," खिडकीजवळची मुलगी म्हणाली. तिचं गाव यवतमाळकडे. "माझ्या मामानं पण सोसायटीला म्हटलं होतं, थोडं थांबा, तूर आली की देतो." लसूण काय आणि तूर काय. वर्ग हसला, पण यावेळी खिंकाळला नाही.

मग दोन बारीक धागे ओढले. एक, १७४३ चा. त्या वर्षी बंगालात दोन मराठी फौजा होत्या. एक रघूजींची, चौथ वसूल करायला आलेली. दुसरी नानासाहेब पेशव्यांची, तिच्यापासून बंगाल वाचवायला आलेली. अलीवर्दी आणि पेशवे प्लासीला भेटले, शाहू महाराजांची चौथ कबूल झाली, आणि पेशव्यांना फौजेच्या खर्चापोटी २२ लाख रुपये ठरले. पेशव्यांनी रघूजींना हाकलूनही लावलं. रघूजींना बोलवायला तिकडून कोण आलं होतं? मीर हबीब, अलीवर्दीनं ओडिशातून हुसकलेल्या सुभेदाराचा माणूस. "मग यातले आपले कोणते, मॅडम?" असा प्रश्न आला. मी सांगितलं नाही. खरं म्हणजे नागपुरात राहून उत्तर देणं मलाच अवघड होतं.

दुसरा धागा १७४४ चा. अलीवर्दीनं भास्कररामांना वाटाघाटीला बोलावलं. मानकरा या गावी तंबू, गोड बोलणं, आणि इशारा होताच भास्करराम आणि वीसएक सरदारांची कत्तल. तारीख ३१ मार्च. आमच्या पुस्तकांत हा विश्वासघात. गंगारामाच्या काव्यात देवीचा न्याय. एक शांत पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, हे उलटं प्रतापगड वाटून राहिलं." वर्गात सन्नाटा. शिक्षकाच्या नोकरीत असे काही क्षण येतात, जेव्हा दार बंद आहे ना हे आधी बघावं लागतं. मी म्हटलं, तुलना बसते का पाहू. कोण कुणावर चालून आलं होतं? आधी कुणी काय केलं होतं? कुणाच्या मनात काय होतं, आणि ते आपल्याला कुणी सांगितलं? तुलना सगळी बसत नाही. कुठे बसते, कुठे नाही, यावर तास संपला, आणि मला वाटतं त्या वर्षातला तोच एक तास मी खऱ्या अर्थानं इतिहासाचा घेतला.

दार बंद होतं, तरी बातमी गेलीच. एक पालक आले. आवाज चढलेला, पण माणूस चांगला. "शिवाजी महाराजांच्या महाराष्ट्रात तुम्ही मराठ्यांना लुटारू शिकवता?" मुख्याध्यापकांनी मला पुढे केलं आणि स्वतः फाईल उघडून बसले. मी महाराजांचंच १६७३ चं पत्र काढलं. चिपळूणजवळ दळवटण्याला घोडदळाची छावणी होती, तिथल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. कुणब्याचं धान्य, वैरण, लाकूड उचलायला जाल, तर रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल परवडले, असा त्याचा भाव. मी म्हटलं, बंगालात काय झालं ते मी बंगाली मापानं मोजत नाहीये. हे माप महाराजांचं आहे. ते गेले १६८० ला. बंगालच्या स्वाऱ्या त्यानंतर साठ वर्षांनी. साठ वर्षांत माप कुणी हरवलं, एवढंच पोरांना विचारते.

ते वाचत बसले. मग म्हणाले, "हे पत्र पण शिकवता का?" शिकवत नव्हते. त्यांच्यामुळे शिकवायला लागले. आणि आणखी एक गोष्टही. अंगाई जिथली, तिथलाच कवी १९०४ साली लिहितो: मराठ्याच्या साथीनं, हे बंगाल्या, एका कंठानं बोल, 'जयतु शिवाजी'. रवींद्रनाथ. कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू करण्यात पुढे होते सखाराम गणेश देऊस्कर, देवघरला वाढलेले, बंगालीत लिहिणारे मराठी गृहस्थ. शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिणारे जदुनाथ सरकार आणि कामशेतचे रियासतकार सरदेसाई यांची पत्रं तर अर्धशतक चालली. जदुनाथांनी बारगिरांबद्दल कडक लिहिलं, सरदेसाईंची मैत्री त्यामुळे तुटली नाही. अंगाई आणि 'जयतु', दोन्ही एकाच भाषेत राहतात. ठाकुमांना दोन्ही पाठ होतं, हे मला नंतर कळलं.

आपल्याकडेही तसंच की. कुणी मनमानी केली की आपण म्हणतो, "इथे काय मोगलाई लागून गेलीय का?" बंगाली माणूस त्याच सुरात म्हणतो, "ए की मगेर मुलुक?" म्हणजे आराकानच्या मगांचा मुलूख, जे समुद्रावरून येऊन माणसं पळवायचे. आराकानी माणूस काय म्हणत असेल कोण जाणे. पोरांना हे दिलं की ती घरी जाऊन आजीला विचारतात, आणि असली गंमत गोळा करून आणतात, की त्यावर एक तास निघतो. ओडिशातल्या एका नातलगाकडून एकानं आणलं होतं की तिकडेही बर्गी म्हणतात. आणि त्याच ओडिशात भोसल्यांच्या अमलात, म्हणजे १८०३ पर्यंत केव्हातरी, कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारापुढे आणून उभा केला गेला. त्याला रोज हजारो लोक नमस्कार करतात. बर्गी तेच, खांबही तोच.

याच सुमारास एका प्रशिक्षणात मी एका वेगळ्या पाठ्यपुस्तकाबद्दल ऐकलं. डॅन बार-ऑन हे इस्रायली आणि सामी अदवान हे पॅलेस्टिनी, या दोघांनी दोन्हीकडच्या शिक्षकांना एकत्र बसवून लिहून घेतलेलं. पानाच्या एका बाजूला इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी, आणि मध्ये नुसत्या कोऱ्या ओळी. १९४८ एका बाजूला स्वातंत्र्ययुद्ध, दुसऱ्या बाजूला नकबा, म्हणजे महासंकट. एक सामाईक गोष्ट लिहायला बसले असते तर पहिल्याच परिच्छेदात उठून गेले असते. दोन्हीकडच्या सरकारांनी ते शाळांत लागू दिलं नाही. मला त्या कोऱ्या ओळींनी झोप लागू दिली नाही. तेव्हापासून आमचा फळा तीन भागांत. डावीकडे नागपूर, उजवीकडे काटवा. मध्ये काही लिहायचं नाही, पोरांच्या वहीतही तेवढी जागा सोडायची. वर्षाअखेर पाहावं तर बरीचशी जागा रिकामीच. काही जण तिथे घोडा काढतात. एकानं लिहिलं होतं, 'मला दोघांचाही राग आला.' मी खूण केली नाही. नुसती सही केली.

हे सगळं परीक्षेत येत नाही, हे पोरांना पक्कं माहीत असतं. इतिहास-राज्यशास्त्र चाळीस गुणांचं. ती पोरगी दहावीला आली तेव्हा नवीन पुस्तक लागलं होतं, त्यात पहिलाच पाठ इतिहासलेखनाचा. रांके, हेगेल, फुको असे युरोपातले विचारवंत. मला केवढा आनंद! पण प्रश्नपत्रिकेत येतं 'आधुनिक इतिहासलेखनाचे जनक कोण', आणि उत्तर व्हॉल्टेअर, एक गुण. फुकोची ज्ञानाची मांडणी आमची पोरं घडाघडा म्हणतात, आणि आजीची अंगाई हा पुरावा आहे की नाही, असं विचारलं तर बावरतात. पुस्तक वाईट नाही. त्याला प्रश्नपत्रिकेचं लगाम आहे.

त्या वर्षी तिनं एकदा तास संपल्यावर जुनी वही आणली. सातवीची. जपून ठेवली होती. लाल सही तशीच. मी म्हटलं, खोड हे. ती म्हणाली, "राहू द्या ना मॅडम. तुमची चूक आहे, सोर्स आहे." मग पेन काढून खाली तिनंच बारीक अक्षरात लिहिलं: 'गंगाराम, १७५१ पहा.' माझ्याकडून त्यावरही सही घेतली.

ठाकुमा गेल्या. ती शिकली, आणि आता कलकत्त्यात नोकरी करते. पणजोबा आले त्या वाटेनं ती परत गेली, असं तिची आई म्हणते. तिला ते पटत नाही. ती म्हणते मी बाहेरगावी गेलीय, नागपूरहून. तिथे ऑफिसात तिला सगळे 'मराठी' म्हणतात, आणि तिचं बंगाली ऐकून हसतात.

गेल्या पावसाळ्यात तिचा निरोप आला. कलकत्त्याचा तो मराठा खंदक पुढे इंग्रजांनी बुजवायला घेतला आणि १७९९ साली त्यावर सर्क्युलर रोड केला, हे मी तिला कधीतरी सांगितलेलं. आता त्या रस्त्याची नावं बदललीत, गर्दी तीच. निरोप असा: 'मॅडम, मराठा खंदकात अर्ध्या तासापासून अडकून आहे. पाणी साचलंय, बस हलून नाही राहिली. एक घोडा पाठवा ना.'

मी कळवलं, माझा कुठला? सरकारातून मागून बघ.